धनलक्ष्मी मिससाठी दोन खण

अंबत्तूर, चेन्नई
४ फेब्रुवारी २००८

चारुलता,

मायना काय घालावा हे पंधरा मिनिटे सुचले नाही. पूर्वी 'चि. सौ.' लिहून मोकळा होत असे. आता त्यातले अर्धे लिहिता येत नाही, आणि उरलेले अर्धे माझ्याकडून आलेले तुला आवडेल असे वाटत नाही. म्हणून नुसते नाव लिहिले. राग मानू नकोस. नाहीतर मान, सासरा-सुनेचा आपला राग काही आजचा नाही.

पत्र कामाचे आहे. तुमच्या सोलापुरात खण चांगले आणि स्वस्त मिळतात, इथे मिळते ते चोळीचे कापड धुतल्यावर ओळखू येत नाही. दोन खण पोस्टाने पाठव. एक हिरवा, दुसरा तुझ्या पसंतीचा. कारण सांगतो, नाहीतर म्हणशील म्हातारा बोहल्यावर चढतोय की काय. ऊर्मीच्या वर्गाच्या बाई धनलक्ष्मी मिस आणि वर्गातली आया, या दोघींची ओटी भरायची आहे.

एप्रिलमध्ये शाळेचे वर्ष संपते. तेव्हा मुलांचे आईबाप शिक्षकांना काहीबाही देतात. शोळिंगनल्लूरच्या कॉम्प्युटर कंपन्यांत जाणारे बाप भिंतीवरची घड्याळे देतात, मिक्सर देतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्या इन्स्पेक्टरने काय द्यावे? तिथे सगळे घाऊक आणि स्वस्त मिळते म्हणून मी जॉर्ज टाउनपर्यंत जाऊन आलो. स्टीलचे डबे पाहिले, ते डझनाखाली देत नाहीत. बाईंनी बारा डब्यांत काय खानावळ काढायची? एक बरे दिसणारे पेन घेतले, ते घरी पोचेपर्यंत खिशात गळले. समोरच्या घरातल्या अलमेलूने उपाय सांगितले: लिंबाचे लोणचे घालून बरणी द्या, तुळशीचे रोप द्या, नाहीतर पोरीच्या हातचे चित्र द्या. लोणचे मला येत नाही. रोप बाई बसमधून कसे नेतील? आणि ऊर्मी हल्ली काढते ती चित्रे कुणाला द्यावी अशी नसतात.

शेवटी ध्यानात आले की आपल्या लोकांनी याचा विचार कधीच करून ठेवलेला आहे. खण, नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. देणाऱ्याला परवडते आणि घेणारीला कमी वाटत नाही. अडचण एवढीच की ओटी बाईमाणसाने भरायची, आणि घरात बाईमाणूस नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर प्रश्न नव्हता. अलमेलू भरेन म्हणाली आहे. तिचा नवरा आहे, आणि त्यांच्यातही असेच देतात.

ऊर्मी ठीक आहे. फ्रॉक आखूड झाले. तुझा फोन येतो तेव्हा ती नेमकी झोपलेली असते, त्याला मी काय करणार.

अप्पा


२१ फेब्रुवारी २००८

चारुलता,

खण पोचले. हिरवा उत्तम आहे. दुसरा जांभळा का घेतलास कळत नाही, पण शोभेल.

सोबतची चिठ्ठी आठ ओळींची, आणि त्यात पाच प्रश्नचिन्हे. पहिलेच वाक्य तू असे लिहिलेस: 'ज्या घरात मला संक्रांतीला आतल्या खोलीत बसायला सांगितले, त्या घराला ओटीचे खण माझ्या हातचे चालतात का?' वाचून कान तापले. अद्वयला जाऊन तीन महिने झाले होते. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, त्यांना अवघड व्हायला नको म्हणून मी तुला आत बस म्हणालो. बायकांसाठी बोललो, असे मी तेव्हाही म्हणत होतो. खरे सांगायचे तर बायकांनी मला काही विचारले नव्हते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यानंतर तू जूनमध्ये नोकरीसाठी माहेरी गेलीस, यात मला नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की ऊर्मीला माझ्यापाशी ठेवून गेलीस. 'राहायला जागा बघते आणि दिवाळीला तिला घेऊन जाते,' असे म्हणून.

आता बाकीचे चार प्रश्न. बाईंनी असे काय केले? ऊर्मी फोनवर का येत नाही? दिवाळीला कांजिण्या, पोंगलला ताप, आता काय? आणि चौथा, 'ती मला विसरली का?'

विसरलेली नाही. फोनवर येत नाही कारण ती बोलत नव्हती. म्हणजे कुणाशीच. ऑगस्टपासून. तुला कळवले नाही, कारण कळले असते तर तू धावत आली असतीस आणि नवी नोकरी गेली असती. कांजिण्या आल्या नव्हत्या, हेही सांगून टाकतो. डॉक्टरांना दाखवले. जीभ नीट आहे, कान नीट आहेत, काहीतरी मनाला लागले असेल, म्हणाले. लागले असेल बापाचे. पाच वर्षांच्या पोराला उशिरा लागते म्हणतात.

जुनी मिस बाळंतपणाला गेली आणि पोंगलनंतर धनलक्ष्मी मिस वर्गावर आल्या. पन्नाशीच्या आहेत. तंजावरच्या मराठी, भोसल्यांच्या मागोमाग तिकडे गेलेल्या घराण्यांतल्या. रजिस्टरमधले आपले आडनाव वाचून त्यांनी ऊर्मीला आपल्या खुर्चीशेजारी बसवून घेतले. त्यांची मराठी ऐकशील तर तुला हसू आवरणार नाही. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'लेंकरू मुकं नव्हे, सार. लेंकरास बोलायास कुणी नाहीं.' मला नाही म्हटले तरी झोंबले. मी काय घरात शोभेला आहे?

त्यांनी ऊर्मीला काही विचारले नाही. रोज तिच्यापुढे खडूंची पेटी ठेवायच्या आणि स्वतः मोजायच्या, मराठीत, आणि रोज चुकायच्या. आठ खडू असले की सात म्हणायच्या. दहा असले की नऊ. असे नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी ऊर्मी म्हणाली, 'आठ.'

बाईंनी कौतुक केले नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. 'सरि, आठ,' म्हणजे बरोबर, एवढेच म्हणाल्या आणि पुढे मोजू लागल्या. मग मधल्या सुटीत संडासात जाऊन रडल्या, हे मला आयेने सांगितले. आता ऊर्मी त्यांच्याशी बोलते. घरीही एखाद-दुसरा शब्द बोलते. परवा 'आजोबा, भात करपला,' म्हणाली. करपलाच होता. मी तो सगळा खाल्ला.

म्हणून ओटी. कळले?

तू लगेच येऊ नकोस. आता कुठे गाडी रुळावर येते आहे.

अप्पा


११ मार्च २००८

चारुलता,

ओटीचा कार्यक्रम शुक्रवारी शाळा सुटल्यावर झाला. झाला म्हणजे व्हायचा होता.

आयेची आधी भरली, ती जांभळा खण घेऊन खूश होऊन गेली. धनलक्ष्मी मिस जरा उशिरा आल्या. सुती साडी, शिवून घेतलेल्या चपला, डोक्यात मोगऱ्याचा एवढासा गजरा. ऊर्मी त्यांचा पदर धरून घरभर फिरली, त्यांना माझे चष्म्याचे घर दाखवले, गॅसची शेगडी दाखवली. अलमेलूने पाट मांडला, कुंकू लावले, ते बाईंनी लावून घेतले. मग त्या बसल्या बसल्या भिंतीकडे पाहत राहिल्या. तिथे दोन फोटो आहेत, अद्वयचा आणि तुझ्या सासूबाईंचा, दोन्हींना चंदनाचे हार. अलमेलू खण-नारळ घेऊन पुढे वाकली तर बाईंनी पदर गोळा करून मुठीत धरला.

'थांबा, अक्का,' म्हणाल्या. मग मला एक गोष्ट विचारली. काय विचारले ते तुला कळण्याचे कारण नाही. मी म्हटले, 'बाई, तुम्ही ओटी भरून घ्यायला आलात की पंचनामा करायला?' त्या म्हणाल्या, 'मजला खण नको, सार. नारळ नको. मी पुसलें त्याचं उत्तर द्या.' मी दिले नाही. त्या उठल्या, ऊर्मीच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. अलमेलू नारळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. 'एन्न सार, काय केलंत?' म्हणाली. मी काय केले? माझ्या घरात येऊन माझीच तपासणी करायची, आणि मी गप्प बसायचे? छत्तीस वर्षे कारखान्यात मी लोकांची तपासणी केली, कुणी माझी केली नाही.

शिक्षकाने शिकवावे. लोकांच्या भिंती पाहू नयेत. या गोष्टीचा मी बंदोबस्त करणार आहे.

हिरवा खण कपाटात ठेवला आहे. वाया जाणार नाही.

अप्पा


२७ मार्च २००८

चारुलता,

तुझे उत्तर नाही. मागच्या पत्राला उत्तर देण्यासारखे काही नव्हतेही. हे पत्र बसून वाच. दारात उभी राहून वाचू नकोस.

आधी हे सांगतो की धनलक्ष्मी मिसची नोकरी गेली. मी घालवली.

ओटीच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेच्या करस्पॉन्डंटना भेटलो. शाळा त्यांच्या मालकीची, शब्द त्यांचा. वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचे नाही, असा तिथे नियम आहे, फाटकावर पाटीच लावली आहे. मी लेखी तक्रार दिली की या बाई वर्गात परक्या भाषेत बोलतात आणि मुलांचे इंग्रजी बिघडते. परक्या! मी मराठीला परकी भाषा म्हणालो, तेही इंग्रजीत, कोपऱ्यावरच्या दुकानातून टाइप करून, खाली सही करून. करस्पॉन्डंट म्हणाले, जागा टेंपररी होती, बरे झाले तुम्ही सांगितलेत. सोमवारी वर्गावर दुसरी मुलगी आली.

त्या सोमवारपासून ऊर्मी पुन्हा बोलत नाही. आज अकरावा दिवस. दहीभाताशिवाय काही खात नाही. अंथरूण ओले करते, आणि सकाळी उठून स्वतःच चादर ओढून मोरीत नेऊन टाकते. मी रागावत नाही, तरी टाकते.

आता बाईंनी काय विचारले ते सांगतो. त्या म्हणाल्या, 'सार, ह्या भिंतीवर बापाचा फोटो आहे, आजीचा आहे. लेंकराच्या आईचा कुठं?'

त्यांना का विचारावेसे वाटले, ते तुला कळणार नाही, कारण तुला माहीत नाही की शाळेच्या कागदावर तू हयात नाहीस.

पुन्हा लिहितो, म्हणजे मलाही नीट वाचता येईल. मी तुला कागदावर मारले.

तू जूनमध्ये गेलीस आणि पुढच्या आठवड्यात मी ऊर्मीला या शाळेत घातले. आईची सही लागेल, कारकून म्हणाला. आईबाप दोघेही नसतील तरच आजोबांची चालते. फॉर्मवर अद्वयच्या नावाआधी मी 'लेट' लिहिले होते. खालच्या रकान्यात तुझे नाव होते. पेन हातात होते. तेच चार अक्षरांचे इंग्रजी तिथेही लिहिले. सहीची अडचण होती म्हणून लिहिले, असे मी स्वतःला नऊ महिने सांगत आलो. ते खोटे आहे. सोलापूरला फॉर्म पाठवून आठ दिवसांत सही आली असती. मला दिवाळीची भीती होती. ज्या मुलीची आई कागदावर आहे तिला आई येऊन घेऊन जाऊ शकते. आधी बायको गेली, मग मुलगा गेला. उरलेली एकटी तू नेणार होतीस, आणि नेऊ नकोस असे म्हणायला मी तोंड ठेवले नव्हते.

कागद कपाटात राहील असे वाटले होते. पण शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक झाले. ऑगस्टमध्ये डबा खाताना ऊर्मी रडली, तेव्हा आया कुणाला तरी म्हणाली, आईविना पोर, पाव्वम, म्हणजे बिचारी. तिने दयेनेच म्हटले. ऊर्मीला तोपर्यंत तमिळ कळू लागले होते.

ती घरी आली. बूटही काढले नाहीत. 'आजोबा, आईपण बाबांसारखी देवाघरी गेली का?'

मी तेव्हा वरण फोडणीला टाकत होतो. नाही म्हणायला अर्धा क्षण लागला असता. ती रोज संध्याकाळी विचारायची, आई कधी येणार, दिवाळीला किती दिवस राहिले, बोटांवर मोजून दाखवायची. रोज. मी 'हो' म्हणालो.

त्यानंतर तिने तुझे विचारले नाही. नंतर काहीच विचारले नाही. तुझा फोन वाजला की मी दार लावून घेऊन बोलायचो आणि तिला कारखान्यातले जुने लोक आहेत, असे सांगायचो. बाईंनी जानेवारीत तिला बोलते केले, तेव्हा मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. बोलू लागली म्हणजे एक दिवस सांगणार. ती चित्रे काढायची त्यांत एका बाईला पाय नसायचे, मेलेल्या माणसाला नसतात तसे. धनलक्ष्मी मिसनी ती पाहिली असणार.

म्हणजे बघ, ज्या बाईने तिची वाचा परत आणली तिचे आभार कसे मानावेत म्हणून मी तुझ्याकडून खण मागवले, आणि आभार म्हणून तिची भाकरी काढून घेतली. झाकली मूठ झाकलीच राहावी म्हणून.

तू पोलिसांत जाऊ शकतेस. मी नाही म्हणणार नाही. पण आधी ये.

अप्पा


८ एप्रिल २००८

चारुलता,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी सेंट्रल स्टेशनवर तुझ्या हातात देईन, कारण समोरासमोर मला बोलता येणार नाही. फलाटावरच्या बाकावर बसून वाच आणि मग घरी चल. ऊर्मी अलमेलूपाशी असेल.

तुझा फोन आला तेव्हा तू एवढेच बोललीस, 'अप्पा, बुधवारच्या मेलने पोचते. तिला काही सांगू नका. मी येऊन सांगेन.' आणि ठेवलास. शिव्या दिल्या असत्यास तर बरे झाले असते.

मी तुझे ऐकले नाही. का, ते लिहितो.

गुरुवारी शाळेत गेलो. फॉर्म मागितला, तुझ्या नावाआधीचा शब्द खोडला आणि शेजारी सही केली. कारकून हसला. 'एन्न सार, मेलेलं माणूस परत आलं?' म्हणाला. करस्पॉन्डंटना सांगितले की तक्रार खोटी होती, द्वेषाने केली होती, बाईंना परत घ्या. तसे लिहूनही दिले. ते म्हणाले, वर्ष संपत आले, पुढच्या वर्षाची माणसे ठरली आहेत, आता तुम्ही घरी जा. मी दुपारपर्यंत बाकावर बसून राहिलो. कुणी हटकले नाही, कुणी बोलावले नाही.

शुक्रवारी पत्ता काढत धनलक्ष्मी मिसच्या घरी गेलो. एका खोलीत चार मुलांची शिकवणी चालली होती. मी दारातच हात जोडले. फॉर्मचे, तुझे, सगळे सांगून टाकले. बाईंनी मुलांना बाहेर पाठवले, मला पाणी दिले. रागावल्या होत्या. त्यांनी लपवले नाही. म्हणाल्या, 'माझी नोकरी गेली त्याचं तुम्हांस आज दुःख, सार. त्या लेंकराची आई नऊ मास गेली त्याचं कधी होणार?'

मी म्हटले, आई बुधवारी येते आहे. ती स्वतः सांगेल.

तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. 'अय्यो! मेलेली आई एकाएकी दारांत उभी राहिली तर लेंकरू भिऊन जाईल. आधी सांगा. आणि तुम्हीच सांगा. खोटं तुमच्या तोंडून गेलं, खरं त्याच तोंडून जावं. मजला काही द्यायचं होतं नव्हे तुम्हांस? तेवढं द्या.'

मी कबूल केले. त्यात एक पैसा लागत नव्हता, आणि त्या घरापासून बस-स्टॉपपर्यंत चालताना मला दोनदा कट्ट्यावर बसावे लागले.

रविवारी सकाळी तिची वेणी घालत होतो. वेणी मला आता येते, वाकडी का होईना. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून जमले. म्हणालो, 'ऊर्मी, आजोबा खोटे बोलले होते. आई देवाघरी गेलेली नाही. आई सोलापूरला आहे, नोकरी करते. तिला तू हवी होतीस. मीच तुला दिले नाही. ती बुधवारी येणार आहे.'

मी वेणी पुरी केली, रिबिन बांधली. वाटले, ऐकलेच नाही. मग ती वळली. तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला, जरा घोगरा झाला आहे.

'मग बाबा?'

मला आधी कळलेच नाही.

'बाबापण सोलापूरला आहेत?'

चारुलता, मी नाही म्हणालो. या वेळी लगेच म्हणालो. बाबा खरेच गेले, बाळा, मोटारसायकलवरून ओरगडमच्या कामावरून येताना गेले, मी स्वतः पाहिले. तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, 'आईचंपण तुम्ही हो म्हणाला होतात.'

पुढे मी जे जे सांगितले ते तिने मान हलवून ऐकले, जसे आपण फेरीवाल्याचे ऐकतो. रडली नाही. उलट त्या दिवसापासून ती बोलते आहे, खूप बोलते आहे. जेवते आहे. काल चादर कोरडी होती. तिने अलमेलूला सांगितले की बुधवारी दोघे येणार, आणि जेवायला चार ताटे लागतील. अलमेलू तोंडाला पदर लावून आत गेली. मी पुन्हा समजावले तर म्हणाली, 'असू दे, आजोबा,' आणि माझ्या गुडघ्यावर थोपटले.

उद्या तू दारात एकटी उभी राहशील तेव्हा ती तुझ्या मागे बघेल. ते तुला आधी ठाऊक असावे म्हणून हे पत्र. तिचा बाप गेला आहे, हे तिला पुन्हा एकदा सांगावे लागेल, आणि ते माझ्या तोंडून आता तिला खरे वाटत नाही. ते तुलाच सांगावे लागेल.

अप्पा